एका डोळ्याची मोजदाद

माणूस आंधळा आहे की नाही, हे आपल्याकडे त्याच्या दोन डोळ्यांपैकी जो बरा असेल त्यावरून ठरते. बऱ्या डोळ्याने तीन मीटरवरची बोटे मोजता आली नाहीत, तर तो अंध; मोजता आली, तर नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हीच कसोटी होती. तिच्यावरून देशात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आणि पन्नाशीपुढच्या लोकांत १.९९ टक्के निघाले. या पन्नाशीपुढच्या अंधांपैकी ६६.२ टक्के लोकांची दृष्टी मोतीबिंदूने गेली होती. आकडे खरे आहेत आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांचा उपयोगही मोठा झाला. पण ज्याचा एक डोळा मुळातून गेला आणि दुसरा शाबूत आहे, तो माणूस या आकड्यांत कुठेच नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातही त्याची तीच गत होते. दुसरा डोळा धड असेल तर गेलेल्या डोळ्याचे अपंगत्व ३० टक्के धरले जाते आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. डोळ्याच्या खोबणीचे आजार आणि जखमा यांची गोष्ट इथून सुरू करावी लागते, कारण त्या बहुतेक वेळा एकाच डोळ्यावर घाला घालतात. आपण त्यांना दुर्मिळ म्हणतो, ते काही अंशी त्या खरोखर कमी आहेत म्हणून आणि काही अंशी आपण त्या मोजतच नाही म्हणून.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातले जानेफळ डोळ्यांपुढे आणा. सोयाबीन, तूर, कपाशी, हरभरा पिकवणारा हा मुलूख. मळणीयंत्रातून उडालेला दाणा किंवा खडा, वाकताना डोळ्यात गेलेली तुराटी, उपटलेल्या पऱ्हाटीचे टोक, गोठ्यात मान झटकणाऱ्या बैलाचे शिंग, पोरांच्या खेळातली विटी, दुचाकीवरून पडल्यावर गालाला लागलेला दगड, यांतले काहीच इथे नवलाचे नाही. अशा गावातल्या माणसाची वैद्यकाशी पहिली गाठ पडते ती औषधाच्या दुकानात, गल्लीतल्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. डोळ्यांच्या तज्ज्ञापर्यंत जायचे तर मेहकर, मग बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि खोबणीची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. या वाटेवरच्या प्रत्येक थांब्यावर वेळ जातो. माझे म्हणणे एवढेच आहे की खोबणीच्या बहुतेक आजारांत डोळा जातो तो उपचार नसल्यामुळे जात नाही, पहिल्या थांब्यावर ओळख न पटल्यामुळे जातो. आणि ही ओळख पटवायला यंत्र लागत नाही. दुर्मिळ आजार म्हणजे मोठ्या शहराचा प्रश्न, हा आपला समज म्हणूनच उलटा करून पाहिला पाहिजे.

आधी ही खोबण आहे तरी कशी, ते पाहू. आडव्या धरलेल्या नरसाळ्यासारखा तिचा आकार आहे. तोंड पुढे, निमुळते टोक मागे मेंदूच्या दिशेने. सात हाडे जुळून ती तयार होते. तिच्यात साधारण ३० मिलिलिटर जागा असते आणि त्यातला डोळ्याचा गोळा जेमतेम ७ मिलिलिटरचा. बाकीच्या जागेत चरबी, डोळा फिरवणारे सहा स्नायू, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि दृष्टीची नस असते. ही नस नरसाळ्याच्या टोकातून मेंदूकडे जाते. बाहेरची कड जाड आणि टणक, कपाळाच्या आणि गालाच्या हाडांची. आतल्या भिंती मात्र नवल वाटावे इतक्या पातळ आहेत. नाकाच्या बाजूच्या भिंतीला शरीरशास्त्रात नावच कागदी पत्रा या अर्थाचे आहे आणि तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. खालची फरशीही अशीच. या भिंतींच्या पलीकडे पोकळ सायनस आहेत. म्हणजे डोळ्याच्या तीन बाजूंना, वर, खाली आणि नाकाकडे, नाकाशी जोडलेल्या हवेच्या खोल्या आहेत. सर्दी, दात, सायनस आणि डोळा हे आपल्या मनात वेगवेगळे विषय असतात, वेगवेगळे डॉक्टर असतात. खोबणीत ते एकाच भिंतीचे शेजारी आहेत. शिवाय मागून आणि बाजूंनी हाडाचा वेढा असल्याने आत सूज आली किंवा रक्त साठले तर त्याला पसरायला जागा नसते. दाब वाढतो, डोळा पुढे ढकलला जातो आणि नस दाबली जाते. खोबणीच्या जवळपास सर्व आजारांचे कूळ या दोन गोष्टींत आहे: पातळ भिंती आणि बंद जागा.

या पातळ भिंतींचा अर्थ महाराष्ट्राला २०२१ च्या उन्हाळ्यात कळला. म्युकरमायकोसिस हा आजार तोवर बहुतेक डॉक्टरांनी पुस्तकात वाचलेला किंवा वर्षाकाठी एखाद-दुसरा पाहिलेला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो घरोघरच्या बोलण्यात आला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार त्या वर्षीच्या जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४ हजार ३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले; सर्वांत जास्त रुग्ण महाराष्ट्रात, ९ हजार ३०० च्या पुढे. ‘काळी बुरशी’ हे नाव रूढ झाले, पण ही बुरशी स्वतः काळी नसते. कुजणारा पालापाचोळा, शेणखत, ओली माती यांत ती राहते आणि तिचे बीजकण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. निरोगी शरीर ते सहज निकालात काढते. रक्तातली साखर फार वाढलेली असली, त्यातून रक्त आम्लधर्मी होऊन एरवी बांधलेले लोह मोकळे झाले आणि वर स्टिरॉइडने पांढऱ्या पेशींचे बळ कमी केले, की या बुरशीला हवे ते सगळे मिळते. ती रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडून आत शिरते, तिथे गुठळी होते आणि पलीकडचा भाग रक्ताविना मरतो. नाकात, टाळूवर, पापणीवर जे काळे दिसते ते मेलेले मांस असते. नाकातून सायनसमध्ये, सायनसमधून कागदी पत्रा ओलांडून खोबणीत आणि खोबणीच्या टोकातून मेंदूकडे, असा तिचा रस्ता ठरलेला आहे.

त्या साथीचा सर्वांत मोठा लेखाजोखा देशभरच्या नेत्रशल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन मांडला. २ हजार ८२६ रुग्णांचा हा अभ्यास २०२१ मध्येच ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त आला, त्यातले सर्वाधिक रुग्ण गुजरात आणि महाराष्ट्रातले होते. रुग्णांचे सरासरी वय ५२ च्या आसपास, ७१ टक्के पुरुष, ७८ टक्के मधुमेही आणि ८७ टक्क्यांना स्टिरॉइड दिलेले. इथवरचे आकडे वर्तमानपत्रांतून बरेच गाजले. मला त्यापेक्षा पुढचे आकडे महत्त्वाचे वाटतात. ७२ टक्के रुग्ण खोबणीत बुरशी शिरलेल्या अवस्थेत होते आणि त्यांतला सर्वांत मोठा गट, सर्व रुग्णांच्या २७ टक्के, अशा टप्प्यावर होता जिथे डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून दृष्टी गेलेली असते. १५ टक्क्यांच्या खोबणीतले सगळे काढून टाकावे लागले. आणखी १७ टक्क्यांवर ती शस्त्रक्रिया आणि सायनसची सफाई अशा दोन्ही कराव्या लागल्या. म्हणजे जवळपास तिघांमागे एकाची खोबण रिकामी झाली. या शस्त्रक्रियेत डोळ्याचा गोळा, स्नायू, चरबी सगळे जाते, कधी पापण्याही. नुसता डोळा काढला तर पापण्यांमागे कृत्रिम डोळा बसवता येतो. इथे तो टेकवायलाच काही उरत नाही, चेहऱ्याचा तेवढा भाग बनवून चष्म्याला जोडावा लागतो. १४ टक्के रुग्ण दगावले. ज्यांच्यात आजार दृष्टी जाण्याच्या टप्प्यापर्यंत पोचला नव्हता, त्यांचे भवितव्य पुष्कळ बरे होते. रोग तोच, औषध तेच, ॲम्फोटेरिसिन-बी. फरक पडला तो रुग्ण कितव्या टप्प्यावर पोचला याने.

आणि हे टप्पे मुके नव्हते. एका बाजूचा गाल दुखणे, गालाला बधिरपणा येणे, वरचे दात दुखू लागणे किंवा हलणे, नाकातून काळसर रक्ताळ स्राव, मग पापणीला सूज, पापणी खाली पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, अशी खूण एकामागून एक पटत जाते आणि शेवटी दृष्टी जाते. यांतल्या पहिल्या चार खुणांचा डोळ्याशी वरवर काही संबंध दिसत नाही. दात दुखला की माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो, गाल बधिर झाला तर ‘वारं लागलं असेल’ म्हणून दोन दिवस काढतो, पापणी सुजली की मेडिकलमधून डोळ्यात घालायचा थेंब आणतो. यात कोणाचा मूर्खपणा नाही. शेजारच्या खोलीला लागलेली आग आपल्या घरात येईपर्यंत तिला आपण शेजाऱ्याचीच आग म्हणतो, तसेच हे आहे. म्हणूनच ज्याच्याकडे माणूस पहिल्यांदा जातो त्या प्रत्येकाला, दंतवैद्यालाही आणि औषधविक्रेत्यालाही, ही साखळी माहीत असायला हवी.

ती साथ करोनाबरोबर आली आणि करोनाबरोबर गेली, आता तिचे काय, असे कोणी म्हणेल. लाट गेली हे खरे. पण चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या संशोधकांनी करोनाच्या आधीच भारतातले या आजाराचे प्रमाण दर १० लाखांमागे सुमारे १४० असल्याचा अंदाज मांडला होता. विकसित देशांच्या तुलनेत तो जवळपास ८० पट आहे. करोनाने आधीच असलेल्या गवताला काडी लावली, गवत आणून टाकले नाही. ते गवत म्हणजे न तपासलेली, न आवरलेली साखर आणि ‘लवकर आराम पडावा’ म्हणून सर्रास दिले जाणारे स्टिरॉइड. दम्याला, सांधेदुखीला, अंगावर उठलेल्या पित्ताला, कधी नुसत्या तापालाही ही गोळी किंवा इंजेक्शन मिळते. स्टिरॉइड हे वाईट औषध आहे असे मी म्हणत नाही, करोनातच त्याने असंख्य जीव वाचवले. साखर न पाहता ते देणे वाईट. आपल्या खेड्यांत आता मधुमेह हा शहरी श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही, हे कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातली रांग सांगेल.

बुरशीइतकी मोठी नसली तरी जखमांची बाजू मला तितकीच बोलकी वाटते, कारण तिथे वेळ दिवसांत नाही, तासांत आणि मिनिटांत मोजावा लागतो. १९५७ साली बायरन स्मिथ आणि विल्यम रेगन या डॉक्टरांनी मृतदेहाच्या डोळ्यावर चेंडू ठेवून त्यावर हातोडा मारला आणि पाहिले, तर बाहेरची कड शाबूत, डोळ्याचा गोळा शाबूत आणि खोबणीची फरशी मात्र फुटलेली. म्हणजे समोरून मार बसला की आतला दाब पातळ भिंतीतून फुटून निघतो. एका अर्थी ही निसर्गाची सोय आहे. फरशी फुटते म्हणून कित्येकदा गोळा वाचतो. मोठ्या माणसात फरशीचे तुकडे होतात, डोळ्याभोवती काळेनिळे होते, डोळा आत गेल्यासारखा दिसतो आणि सूज ओसरल्यावर काही दिवसांनी शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येतो. लहान मुलांत गोष्ट वेगळी घडते. त्यांची हाडे ओल्या फांदीसारखी असतात, तुटत नाहीत, वाकतात. विटी किंवा गुद्दा बसला की फरशी सापळ्याच्या झाकणासारखी क्षणभर उघडते आणि परत मिटते, आणि मिटताना डोळ्याखालचा स्नायू तिच्यात चिमटला जातो. बाहेर काहीच दिसत नाही. डोळा लाल नाही, सूज नाही, रक्त नाही. मूल फक्त वर पाहत नाही, डोळा फिरवताना रडते आणि ओकाऱ्या काढते. नाडीही मंदावते, कारण स्नायू ओढला गेला की डोळ्यापासून हृदयापर्यंत जाणारी एक प्रतिक्षिप्त क्रिया चालू होते. ओकारी आणि मंद नाडी पाहून डॉक्टरांचे लक्ष डोक्याच्या माराकडे जाते. मुलाला निरीक्षणाखाली ठेवले जाते, तेवढ्यात चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो. तो एक-दोन दिवसांत सोडवला नाही तर मुलाला पुढे आयुष्यभर दुहेरी दिसू शकते. १९९८ साली या दुखापतीला ‘पांढऱ्या डोळ्याची’ म्हणून वेगळे ओळखले गेले. इंग्रजी वैद्यकात तिचे नावच सावध करणारे आहे: डोळा पांढराशुभ्र आहे म्हणून फसू नका. आणि ती ओळखायला काय लागते? मुलापुढे बोट धरून ते वर न्यायचे आणि दोन्ही डोळे बरोबर जातात का पाहायचे.

दुसरा प्रसंग याहून घाईचा. गालाला किंवा भुवईला जोराचा मार बसून खोबणीत आतल्या आत रक्त साठले, तर बंद जागेतला दाब भराभर वाढतो. डोळा ताठ, दगडासारखा होतो, पुढे येतो, पापणी उघडत नाही, दिसणे अंधुक होत जाते आणि बाहुली उजेडाला हलत नाही. दाबामुळे रक्त पोचेनासे झालेले दृष्टिपटल किती काळ तग धरते याचे सर्वांत चिकाटीचे प्रयोग भारतात जन्मलेले नेत्रवैद्य सोहनसिंग हायरेह यांनी अमेरिकेत माकडांवर केले. त्यांत सुमारे १०० मिनिटांपर्यंत फारशी कायमची हानी दिसली नाही. चार तासांनंतर मात्र परतीचा रस्ता उरला नाही. जानेफळहून अकोल्याला किंवा संभाजीनगरला पोचून, केसपेपर काढून, सीटी स्कॅन होऊन शस्त्रक्रियागृहात जाईपर्यंत ही १०० मिनिटे कधीच सरलेली असतात. पण इथे करायचे ते काम लहान आहे. पापण्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात जागा बधिर करून कात्रीने छेद द्यायचा आणि पापणीला हाडाशी बांधणारा पट्टा सोडायचा, की डोळ्याला पुढे यायला जागा मिळते आणि दाब उतरतो. अपघात विभागातल्या कोणत्याही डॉक्टरला हे शिकवता येते, पुष्कळ देशांत शिकवतातही. स्कॅनची वाट पाहायची नाही, हा त्यातला मुख्य धडा. जखम पुढे आपसूक किंवा टाक्यांनी भरते. डोळ्याजवळ कात्री न्यायला साधा डॉक्टर कचरेल, हे स्वाभाविक आहे. पण ज्या डॉक्टरला अडलेले बाळंतपण हाताळायला शिकवता येते त्याला हेही शिकवता येईल, याबद्दल मला शंका नाही.

काही वेळा तर ओळखीइतकेच काहीही न करणे महत्त्वाचे असते. काडी, काच, लोखंडाचा कण डोळ्याच्या गोळ्यात घुसला असेल तर तो उपटायचा नाही, डोळा चोळायचा किंवा दाबून बांधायचा नाही, तेल, दूध, तूप काही घालायचे नाही. कागदी पेल्याचा तळ डोळ्याला न टेकेल असा वर चिकटवून निघायचे. शेतातल्या काडीच्या साध्या ओरखड्यावरही मेडिकलमधला स्टिरॉइडचा थेंब घातला तर बुबुळावर बुरशीचा व्रण वाढून कायमचे फूल पडू शकते. आणि फुटलेला डोळा दुर्लक्षित राहिला तर क्वचित असेही घडते की जखमी डोळ्यातल्या ऊतींविरुद्ध चवताळलेली शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या, निरोगी डोळ्यावर उलटते. लुई ब्रेलच्या बाबतीत हेच झाले असे मानले जाते. १८०९ साली जन्मलेला हा मुलगा तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगीर-लगाम बनवण्याच्या कारखान्यात आरीने एक डोळा जखमी करून बसला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले होते. एक डोळा म्हणजे अर्धेच नुकसान, हा हिशेब इथे अगदीच फसतो.

आतून येणाऱ्या आजारांची यादी लांब आहे. थायरॉइडमुळे डोळे बाहेर येणे, डोळ्याच्या स्नायूत फीतकृमीची गाठ होणे, सायनसच्या पूने लहान मुलाची खोबण भरणे. या शेवटच्यावर एक वाक्य जास्त लिहायला हवे, कारण ती सूज रांजणवाडी किंवा ‘डोळे आले’ समजून घरीच शेकली जाते. ताप, पुढे आलेला डोळा आणि न फिरणारी नजर असेल तर ती रांजणवाडी नव्हे, शिरेतून प्रतिजैविके देण्याची आणीबाणी आहे. पण मी थांबणार आहे ते दृष्टिपटलाच्या कर्करोगावर, रेटिनोब्लास्टोमावर. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होणारा हा आजार खराच दुर्मिळ. तरी भारताच्या लोकसंख्येत वर्षाला १५०० च्या आसपास नवी बाळे असा त्याचा अंदाज आहे. मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक ही पहिली खूण, ती आईला दिव्याच्या उजेडात किंवा मोबाइलच्या फोटोत दिसते. नवा तिरळेपणा ही दुसरी. श्रीमंत देशांत ९५ टक्क्यांहून अधिक मुले जगतात आणि कित्येकांचा डोळाही वाचतो. आपल्याकडे गाठ डोळा फोडून खोबणीत उतरल्यावर आणलेली मुले अजून दिसतात, आणि तिथून पुढे प्रश्न डोळ्याचा राहत नाही, जिवाचा होतो. चमक पाहणारी आईच असते. ती चमक म्हणजे काय हे तिला सांगणारे कोणी नसते. लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक बाळाच्या बाहुलीत विजेरीचा उजेड टाकून पाहायला आरोग्य सेविकेला किती वेळ लागेल?

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मोतीबिंदूने अजूनही सर्वांत जास्त लोक आंधळे होतात, त्याची शस्त्रक्रिया स्वस्त आणि खात्रीची आहे, मग तुटपुंजी माणसे आणि पैसा दुर्मिळ आजारांकडे का वळवायचा? १९७६ पासून चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मोतीबिंदूवर भर दिला तो योग्यच होता आणि तो कमी करावा असे मला मुळीच वाटत नाही. पण मोतीबिंदू वाट पाहतो. आज नाही झाली तर पुढच्या शिबिरात शस्त्रक्रिया होते आणि दृष्टी परत येते. खोबणीचा आजार वाट पाहत नाही, आणि गेलेली दृष्टी कोणत्याही शिबिरात परत मिळत नाही. शिवाय मोतीबिंदूचा माणूस बहुधा साठीपुढचा असतो. बुरशीचे रुग्ण सरासरी पन्नाशीचे, जखमी माणसे कमावत्या वयाची आणि मुले तर मुलेच. आणि मी जे मागतो आहे त्यात शिबिराचा एक रुपयाही वळवायचा नाही. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आहे: सुजलेली प्रत्येक पापणी अशी वर पाठवू लागलो तर अकोला आणि घाटी भरून जातील. बरोबर आहे, म्हणूनच प्रत्येक पापणी पाठवायची नाही. सुजलेली पापणी बोटांनी हळूच उघडायची आणि चार गोष्टी पाहायच्या. त्या डोळ्याने बोटे मोजता येतात का. बाहुली उजेडाला लहान होते का. डोळा चारी दिशांना दुसऱ्याबरोबर फिरतो का. तो पुढे आलेला किंवा ताठ झालेला आहे का. पाचवी गोष्ट विचारायची: साखर आहे का, स्टिरॉइड चालू आहे का, गाल बधिर आहे का. सगळी उत्तरे ठीक असतील तर ती पापणी गावातच बरी होईल, आणि आज विनाकारण वर पाठवले जाणारे कित्येक जण वाचतील. एक जरी उत्तर बिघडले, तर १०८ ला फोन. यासाठी लागतो तो एक टॉर्च, दोन बोटे आणि दोन मिनिटे.

मोजणीकडे परत येतो, कारण मोजणीने काय होते याचा पुरावा आपल्याकडेच आहे. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिस साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितले. प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची झाली. आकडा दिसू लागला तशी टंचाईही दिसू लागली. त्याच महिन्यात महाराष्ट्राने या आजाराचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणला आणि विदर्भातल्याच वर्ध्याला जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात ॲम्फोटेरिसिन-बीचे इंजेक्शन तयार होऊ लागले. बाजारात ७ हजारांच्या आसपास मिळणाऱ्या इंजेक्शनऐवजी हे १२०० रुपयांना मिळेल, असे तेव्हा जाहीर झाले. मोजलेल्या आजाराला एका महिन्यात औषध आणि पैसा दोन्ही मिळाले. एका डोळ्याच्या नुकसानीसाठी एवढ्या मोठ्या कायद्याची गरज नाही. जानेफळसारख्या गावच्या आरोग्य केंद्रात नोंदवहीचे एक पान पुरे: कोणता डोळा, कशाने, लागल्यापासून किंवा सुजल्यापासून किती तासांनी आला, किती तासांनी पुढे पाठवला, आणि महिन्याभराने त्या डोळ्याने बोटे मोजता येतात का. वर्षअखेरीस तालुक्याची अशी पाने एकत्र लावली की मळणीयंत्राने किती डोळे घेतले, थेंबांनी किती, साखरेने किती आणि नुसत्या वाटेने किती, हे मेहकरला बसून वाचता येईल.